कापूस कोंबलेला डबा

दीपमालाबाई भोयर यांना वर्गात खुर्चीवर बसलेलं कोणी पाहिलं असेल, तर त्याचा नारळ देऊन सत्कार करायला हरकत नाही. बेसा भागातल्या एका शाळेत सहावीच्या वर्गावर त्यांच्यासाठी खुर्ची आहे. चांगली गादीची आहे. तिच्यावर बसते ती फक्त त्यांची पर्स. बाई स्वतः फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पुन्हा बाकांच्या मधून अशा फिरत राहतात, की पोट्ट्यांनी त्यांचं नाव भिंगरी ठेवलंय. ते त्यांना माहीत आहे. एकदा कोणीतरी फळ्यावर भिंगरीचं चित्र काढलं, तर बाईंनी त्याखाली स्वतःची सही ठोकली आणि पुढचा धडा सुरू केला.

ही सवय आजची नव्हे. काटोलकडच्या खेड्यात त्यांचं लहानपण गेलं, तिथं अजूनही म्हातारी माणसं सांगतात, की दीपी स्वतःच्या लग्नात पंगत सुरू असताना बोहल्यावरून उठून स्वयंपाकघरात गेली होती. काहून? तर वांग्याच्या भाजीला मीठ कमी पडलं असं कोणीतरी म्हणालं, ते तिच्या कानावर गेलं. नवरदेव बिचारा एकटाच बसून राहिला. तो अजूनही अधूनमधून ते काढतो.

पण या वर्षी बाईंचं फिरणं निराळं होतं. पायांना सवय होती ती होतीच, आता जिवालाही बसवेना.

झालं असं, की वर्गाचे तुकडे पडले होते. भांडणानं नव्हे, आपोआप. सोसायट्यांमधल्या फ्लॅटमधून येणारी पोरं एकीकडे, जुन्या गावठाणातली एकीकडे, व्हॅननं लांबून येणारी तिसरीकडे. जेवणाच्या सुट्टीत कोंडाळी करून बसायची आणि एका कोंडाळ्यातला घास दुसऱ्यात जात नसे. बाईंनी आधी जागा बदलून पाहिल्या. ज्याला ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला त्याच्या शेजारी बसवलं. पोरं गुपचूप बसली. घंटा झाली की संध्याकाळी गुरं आपापल्या गोठ्याकडे वळावीत तशी वळली.

आणि यातल्या कुठल्याच गोठ्यात मिनल नव्हती.

मिनल जूनमध्ये आली. आधी हे लोक कळमन्याकडे राहायचे. आजोबांची तिथं बाजारात फळांची अडत. बापानं इकडे बेसात फ्लॅट घेतला, आजोबा तिकडेच राहिले, आणि मिनल इकडे आली. तिला कोणी चिडवलं नाही, कोणी मारलं नाही, कोणी तिची पेन्सिल चोरली नाही. यातलं काही झालं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं. दोघांचे कान धरले असते, मिटवून टाकलं असतं. पण इथं मिटवायला काही नव्हतंच. पोरगी यायची, बसायची, डबा खायची, जायची.

वर्गातल्या कपाटावर एक निळी पाण्याची बाटली आहे. मागच्या वर्षी एक पोरगा अर्ध्यातूनच शाळा सोडून गेला, त्याची राहिलेली. बाईंनी विचारलं होतं, "कोण नेऊन देईल रे ही त्याच्या घरी?" सगळे एकमेकांकडे बघत राहिले. घर कोणालाच माहीत नव्हतं. वर्षभर त्याच्या मागेपुढे बसलेल्यांनाही नाही. ती बाटली बाईंना फिरता फिरता रोज दिसायची आणि मिनलकडे नजर गेली की दुप्पट दिसायची.

तर भाद्रपदाची पौर्णिमा आली. आता विदर्भात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना सांगायला नको, या पौर्णिमेला मातीची भुलाबाई बसते ती थेट कोजागिरीपर्यंत. मुली रोज या घरी त्या घरी जातात, टिपऱ्या वाजवतात, गाणी म्हणतात. पण खरी गंमत शेवटी असते. घरची बाई झाकण लावलेला डबा आणते आणि हलवते. आत काय खाऊ आहे ते आवाजावरून मुलींनी ओळखायचं. ओळखला तर घर हरलं. नाही ओळखला तर घर जिंकलं, आणि त्या घरचा तोरा मग गल्लीत मावत नाही.

दीपमालाबाईंची ताराआत्या यात अशी पटाईत, की तिनं एकदा डब्यात चारी बाजूंनी कापूस कोंबला आणि मधोमध उकडलेली रताळी बसवली. हलवा किती हलवायचं ते! आवाजच नाही. मुलींनी पेढा म्हणून पाहिला, खोबरं म्हणून पाहिलं, एकीनं रडकुंडीला येऊन "डबा रिकामा हाय" असंही म्हणून पाहिलं. ताराआत्या कमरेवर हात ठेवून उभी. "हरल्या का वं पोट्ट्यांनो?" पुढे तिला नातवंडं झाली तरी ती रताळ्यांची गोष्ट सांगायची. रताळ्यांना लागलेला कापूस उपटून उपटून सगळ्यांनी ती खाल्ली, हे मात्र सांगायची नाही.

बाईंच्या डोक्यात आलं, हाच खेळ वर्गात घ्यावा. गाणी नकोत, टिपऱ्या नकोत, नुसता डबा. रोज शेवटच्या तासाला एकानं बंद डबा आणायचा आणि वर्गानं ओळखायचा. पोरं एकमेकांच्या डब्याकडे तरी बघतील.

पहिल्या दिवशी सोनिका आली. सोसायटीवाल्या कोंडाळ्याची ती म्होरकी. डबा नीट हललाही नव्हता, तर अर्धा वर्ग ओरडला, "पास्ता!" मग गावठाणातला अंकुश आला. त्यानं डबा वर धरला आणि मागून आवाज आला, "अबे, फुटाणे! याच्या खिशात बी तेच असतात." हशा पिकला. बाई खूश. पाय आणखी जोरात फिरायला लागले.

आणि मग मिनलची पाळी आली.

तिनं डबा हलवला. काही वाजलं नाही. तूप गळू नये म्हणून आईनं आत कागदी रुमाल गच्च भरले होते. डबा या हातातून त्या हातात फिरला. कोणीतरी म्हणालं, "पोळी-भाजी?" कोणी म्हणालं, "बिस्किट?" आणि मग सगळे गप्प. डोकं खाजवताना माणूस गप्प असतो, तसं हे नव्हतं. सांगायला काहीच नसलं की माणूस गप्प बसतो, तसं होतं. सोनिका शेजारणीला म्हणाली, "मले काय माहीत ही काय खाते!"

आता दीपमालाबाई पडल्या खेड्यातल्या. न ओळखता येणारा डबा म्हणजे त्यांच्या लेखी केवढा मान! त्या टाळ्या वाजवत पुढे आल्या. "हरले! सगळे हरले! मिनल जिंकली! वाजवा टाळ्या!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मिनलनं डबा उचलला, न उघडता दप्तरात ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. टाळ्या थांबल्या तरी ती मान वर करेना. बाईंना काही समजेना. जिंकलेलं पोर असं करतं का?

त्या संध्याकाळी स्वयंपाक करता करता बाई मसाल्याचे डबे एकेक करून हलवत होत्या. मोहरीचा हलवला. मेथीचा हलवला. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"काय शोधून राहिली?"

"काही नाही."

"मग हे काय, दुकान उघडायचं का आपल्याले?"

"तुमाले समजते का, आवाज न करता धन्याचा डबा कोणता ते?"

"मले एवढंच समजते, का पोळी करपून राहिली."

पोळी खरंच करपली होती.

दुसऱ्या दिवशी मिनल आली नाही. तिच्या जागी आले गणपतराव, तिचे आजोबा. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, आणि अंगाला संत्र्यांचा असा वास की ऑफिसातल्या शिपायानंही मान वळवून पाहिलं. बाई व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. गणपतरावही सोबत चालायला लागले, कारण त्या थांबेनात.

"मॅडम, नातीचा टीसी पाहिजे होता."

बाई थांबल्या. हा असा प्रसंग क्वचितच.

"काहून? काय झालं?"

"मलेच समजून नाही राहिलं. काल फोन केला पोरीनं. आजोबा, मले कळमन्याले घेऊन जा, जुन्याच शाळेत जातो म्हणते. मी म्हटलं, कोणी बोललं का तुले? तर नाही म्हणते. म्हणते, माझा डबा कोणालेच ओळखता नाही आला." गणपतरावांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मी म्हटलं, अवं मग जिंकली ना तू! हिची आजी कवाच हरत नव्हती भुलाबाईत. मी हसलो हो मॅडम. तर पोट्टी रडायलेच लागली. फोन ठेवून देल्ला."

एक कळमन्याचा अडतदार, एक शाळेची बाई, आणि दोघांनीही त्या पोरीला एकच गोष्ट सांगितली होती. जिंकली म्हणून.

आणि तिथं उभ्याउभ्या बाईंच्या ध्यानात आलं. गावात काय होतं? कोणाच्या घरी कढई चढली, कोणी गूळ नेला, कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, सगळ्या आळीला आधीच माहीत. नाकं एकमेकांच्या स्वयंपाकघरातच असायची. इतकं माहीत असूनही ओळखता येऊ नये, म्हणून ताराआत्याला कापूस कोंबावा लागला. लपवण्यात गंमत होती, कारण लपत काहीच नव्हतं. इथं मिनलचं सगळंच लपलेलं. तिचा डबा ओळखता आला नाही हा काही विजय नव्हता. ती कोणालाच माहीत नाही हे तर रोजचंच होतं, काल फक्त टाळ्या वाजवून जाहीर झालं.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "कागद आत्ता नका नेऊ. कोजागिरीपर्यंत थांबा."

"कोजागिरीले काय होणार?"

"मले नाही माहीत."

गणपतरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. खरं बोलणारं गिऱ्हाईक बाजारात कमीच येतं. "बरं. आदल्या दिवशी येतो. पण त्या दिवशी पोरगी चाल म्हणाली, तर मी नेतो. एकटंच राहतो मी बी तिकडे. खोटं काहून बोलू, मले हवीच हाय ती." आणि मग जरा दबक्या आवाजात, "रव्याचे लाडू होते हो त्याच्यात. हिची माय पहाटे उठली होती."

त्याच दिवशी बाईंनी नियम उलटा केला. ज्याचा डबा ओळखला जाईल तो जिंकला, आणि ओळखणाराही जिंकला. पण आपल्या कोंडाळ्यातल्याचा डबा ओळखायचा नाही. ज्याच्याशी आजवर बसणं-उठणं नाही, असा एक जण निवडायचा. त्याच्याशी बोलायचं, त्याच्या घरचं विचारायचं, त्याला काय आवडतं, काय गिळवत नाही, कोण रांधतं, सगळं. फक्त "डब्यात काय आणणार" हे विचारायचं नाही.

वर्गात जो गोंधळ माजला तो पुसू नका. शेजारच्या वर्गावरच्या शामला मॅडम दोनदा दारात येऊन गेल्या. "भोयर मॅडम, गणिताचा तास आहे का बाजार भरवलाय?" एका पोरानं दुसऱ्याच्या आजीला फोन करून "तुमच्या नातवाले काय आवडते" असं विचारलं, तर आजी घाबरून मुलाला ऑफिसातून घरी बोलावून बसली. अंकुश दप्तरं हुंगताना सापडला. सोनिका तर पहिल्याच दिवशी रुसली.

"मॅडम, मी काहून विचारू कोणाले? सगळे मलेच विचारतात."

"म्हणूनच विचार," बाई म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या.

मिनल दोन दिवसांनी आली. तिला आजोबांनी कसं पाठवलं ते त्यांनाच ठाऊक. तिला निवडलं अंकुशनं, आणि त्यामागे काही फार थोर विचार नव्हता.

"तुझ्या आजोबाकडे संत्री फुकट असतात का बे?"

मिनलनं मान वर केली. "फुकट काहून? विकतात ते."

"पण सडकी तरी?"

"सडकी तू खाशील का?"

"अर्धी सडकी खातो मी. सडका भाग काढून टाकाचा ना."

मिनल हसली. बाई तेव्हा खिडकीशी होत्या. त्या तिथंच गोल फिरल्या आणि मुद्दाम दुसरीकडे बघू लागल्या. पण जीव खाली बसेना. कोजागिरी जवळ येत चालली होती. एक दिवस मिनल अंकुशशी बोलताना दिसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटी बसून डबा खायची. बाई घरी भाजी निवडता निवडता उठायच्या, गॅलरीत जायच्या, परत यायच्या. चहा गार व्हायचा. नवऱ्यानं तो गरम करून देणंही सोडून दिलं होतं.

खरी मदत झाली ती सोनिकाच्या हट्टाची. अंकुशला मिनलबद्दल काही माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे तिला सोसेना. एक दिवस सोसायटीचं कोंडाळं सोडून ती तरातरा मिनलच्या बाकावर जाऊन बसली. "यानं काय काय विचारलं तुले? मले बी सांग. याच्यापेक्षा जास्त सांग." मग अंकुश ओरडला, ही चिटिंग आहे. मग दोघं भांडली. मिनल मधे बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती, आणि हातातला घास तसाच धरून होती.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी शेवटच्या तासाला गणपतराव आले. बाईंनी त्यांना दाराजवळ स्वतःची खुर्ची दिली. पर्स उचलून फळ्याच्या कडेला ठेवली. आज पाळी मिनलची होती.

तिनं डबा आणला. या खेपेला कागदी रुमाल नव्हते. हलवला तसा आत धडधड आवाज झाला, जड, गुबगुबीत.

"लाडू!" एक जण.

"नाही होऊ शकत," सोनिका उभी राहिली. "तिची मम्मी नाइट ड्यूटीवर आहे या हप्त्यात. पप्पा बनवतात डबा. पप्पाले लाडू येत नाहीत."

"मग उकडलेली अंडी."

"अबे भैताड, तिले अंड्याचा वास नाही आवडत," अंकुश.

"संत्री!"

"संत्री तर बिलकूल नाही. संत्र्याच्या वासानं डोकं दुखते तिचं." अंकुश दाराकडे न बघताच बोलत होता. "फक्त तिच्या आजोबाच्या सदऱ्याले येतो ना, तो चालते म्हणते. तेवढा एकच."

खुर्चीवरच्या गणपतरावांनी हळूच आपली बाही नाकाजवळ नेली. मग खिडकीबाहेर बघत राहिले.

वर्ग पेटला होता. बटाटे? नाही, दोन दिवस झाले, तेच आणून राहिली ती. मक्याचं कणीस कापून? तिचा दात हलतो आहे, ती कणीस चावणारच नाही. कोणाला कशाचं काय ठाऊक होतं ते बाहेर पडत होतं, आणि ज्यानं त्यानं आपलंच खरं असं बाक बडवून सांगावं. मिनल पुढे उभी. आधी ती डबा छातीशी धरून होती, मग तिनं तो वर धरला, मग तीच बाकांमधून फिरायला लागली, एकेकाच्या कानाशी नेऊन हलवायला लागली. "नीट ऐक ना! वाजून राहिलं ना! असं कशाचं वाजते?"

गणपतरावांची तर पुरती पंचाईत. कालच कळमन्याहून त्यांनीच आणून दिलेले शिंगाडे होते ते, काळ्या सालीचे, उकडलेले. ते ओठ घट्ट मिटून बसले होते, दर चुकीच्या उत्तराला गुडघ्यावर चापट मारत होते, आणि एकदा तर बोटांनी डोक्यावर दोन शिंगं करून दाखवायच्या बेतात होते, तेवढ्यात नातीनं डोळे वटारले.

बाईंची गत त्याहून वाईट. घंटा होत आली होती. कोणी ओळखलं तर पोरगी जिंकणार. नाही ओळखलं तर? त्या फळ्यापासून दारापर्यंत गेल्या. दारात गणपतराव. परत फळ्याकडे. आत काय आहे ते गणपतरावांनी आल्याआल्या सांगितलं होतं, ते एखाद्याच्या कानात हळूच सांगावं का? ओठांवर आलं होतं. त्यांनी पदर तोंडात धरला.

"कवठ!" सोनिका ओरडली.

"नाही!"

"सीताफळ!"

"नाही गा!"

आणि घंटा झाली.

कोणीच उठेना. मिनल वर्गाच्या मधोमध उभी होती, गाल लाल, केस विस्कटलेले. मग तिनं डबा दोन्ही हातांनी पोटाशी आवळला.

"आज नाही सांगत," ती म्हणाली. "कोणी झाकणाले हात लावायचा नाही. उद्या परत आणतो. उद्या ओळखा!"

"एक हिंट दे ना वं!" सोनिका तिच्या मागे धावली.

"उद्या!"

"वास तर घेऊ दे!" अंकुश.

"उद्या म्हटलं ना बे!"

तिघंही दारातून बाहेर. त्यांच्यामागे बाकीची झुंबड. जाता जाता मिनलनं आजोबांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. टीसीचं नाव नाही, कळमन्याचं नाव नाही.

वर्ग रिकामा झाला. गणपतराव खुर्चीवरून उठले, गुडघा चोळला.

"उद्या म्हणते," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

"उकडलेले शिंगाडे उद्यापावेतो आंबतील ना, मॅडम."

"दुसरे आणा."

"ते आणतो. बाजार काय, आपलाच हाय." ते दोन पावलं गेले आणि थांबले. चेहरा जरा उतरला होता, पण डोळे हसत होते. "मग तो कागद राहूच द्या आता. मी आपला रविवारी येत जाईन इकडे."

फाटकाशी पोट्ट्यांनी त्यांना घेरलं. "आजोबा, तुमाले माहीत हाय ना? सांगा ना!" गणपतराव दुपट्टा सावरत पळायला लागले. "सरका बाप्पा, नात जन्मभर बोलणार नाही माझ्याशी!"

बाई खिडकीतून बघत होत्या. क्षणभर वाटलं, आता बसावं. खुर्ची रिकामीच होती, संत्र्यांचा वास तिला अजून होता. त्या खुर्चीपर्यंत गेल्यासुद्धा. पण मग नजर व्हॅनच्या रांगेकडे गेली. तिथं शेवटच्या व्हॅनपाशी एक पोरगा एकटाच बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या डब्यात आज काय होतं, हे बाईंना आठवेना.

त्यांनी कपाटावरची निळी बाटली खाली घेतली, पुसली, परत ठेवली, आणि भराभर जिना उतरल्या.